वाटून लिहिलेले स्वाध्याय

बाहेरून पदवी करायचं ठरवलं तेव्हा मला अभ्यासाची भीती वाटली नाही. शब्दांची वाटली. मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका घरी आणली, भाकऱ्या उरकल्यावर उघडली आणि पहिल्याच पानावर अडकले. श्रेयांक. समंत्रक. संपर्कसत्र. स्वाध्याय. अंतर्गत मूल्यमापन. सगळं मराठीच होतं, पण मी नववीतून शाळा सोडलेली. आमच्या बाईंनी यातला एकही शब्द कधी फळ्यावर लिहिला नव्हता.

मला याद्या करायची सवय आहे. गॅसचा नंबर कधी लावला, पोरांना डोस कधी द्यायचे, कुणाच्या घरी कोणतं पातेलं गेलंय, सगळं लिहून ठेवते. लिहिलं की डोक्यातून उतरतं. म्हणून या शब्दांचीही यादी केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. प्रत्येक शब्दापुढे जागा मोकळी सोडली. अर्थ कळेल तसा भरायचा. नवरा अंबरनाथला केमिकल कंपनीत पाळीवर होता. कपडे काढायला त्याने कपाट उघडलं आणि म्हणाला, "आता बनियन घेताना पण हे वाचायचं का?"

"वाच. तुलाही उपयोग होईल."

"मला काय उपयोग? मी आहे तसा नापास बरा आहे."

आमच्या समाजात बाईला शिकू नको असं कुणी म्हणत नाही. सासूबाईसुद्धा भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "शिक, शिक." माझी तक्रार एवढीच की शिक म्हणणारे पुष्कळ होते, पण भाकऱ्या मी करते असं त्यातलं कुणी म्हणत नव्हतं.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहत होतो. दोन गल्ल्या सोडून जीन्स शिवायचा एक कारखाना होता, तिथे मी चेकर होते. कारखाना म्हणजे पत्र्याखाली दाटीने लावलेली शिलाई मशीन आणि दाराजवळ माझं टेबल. शिवून आलेली पॅन्ट उलटी करायची, टाके बघायचे, लोंबते धागे कापायचे, चेन वरखाली करून पाहायची. ठीक असेल तर पास. नसेल तर ऑल्टर, म्हणजे परत कारागिराकडे. कोऱ्या जीन्सचा निळा रंग हाताला लागतो आणि साबणाने जात नाही. माझी बोटं बारा महिने निळी असायची. नाकातून काळंनिळं यायचं. मान कायम आखडलेली. दुपारनंतर डोळ्यांसमोर टाके नाचायला लागत, आणि त्याच डोळ्यांनी घरी जाऊन पुस्तक वाचायचं असे.

यादीतले अर्थ मी या टेबलावरच भरत गेले. श्रेयांक म्हणजे पास झालेला माल. एकदा पास झाला की तो परत येत नाही. पुढच्या वर्षी नापास झालात तरी मागचे श्रेयांक तुमचेच. अंतर्गत मूल्यमापन म्हणजे माल गाडीत भरायच्या आधी आपल्याच दारात होणारं चेकिंग. पूर्वतयारी म्हणजे माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्यांना आत घ्यायची पहिली पायरी. ती परीक्षा मी आधीच पास झाले होते. अभ्यासकेंद्र म्हणजे अंबरनाथ पूर्वेची एक शाळा. तिथे रविवारी आम्हा मोठ्या माणसांना प्राथमिकच्या बाकांवर बसवत. गुडघे बाकाच्या फळीत अडकायचे.

समंत्रक हा शब्द कळायला एक रविवार पूर्ण गेला. पहिल्या संपर्कसत्राला आम्ही वर्गात बसलो. पुस्तकांना खाकी कव्हरं, कव्हरांवर नावं. सर आले. बदलापूरच्या बाजूने येणारे, बारीक, थकलेल्या आवाजाचे. खुर्चीत बसले आणि आमच्याकडे बघत राहिले. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"विचारा," सर म्हणाले.

आम्ही वह्या उघडून पेनं काढली.

"काहीच अडलं नाही कुणाला?"

मागच्या बाकावरचा एक माणूस उठला. बदलापूरच्या पुढच्या खेड्यातला, घरची थोडी भातशेती, दिवसा अंबरनाथच्या कंपनीत हेल्पर. सगळे त्याला दादा म्हणायला लागले होते. "सर, तुमी शिकवा. मंग आमी वाचू. मंग अडंल."

"मी शिकवत नाही. तुम्ही वाचून यायचं. अडलं तर मी सांगायचं. समंत्रक म्हणजे तेवढंच."

माझ्या शेजारी कॅम्प तीनची एक मुलगी बसली होती. सिंधी घरातली, पण मराठी शाळेत शिकलेली. बाजारात बटणं आणि चेनी विकणाऱ्या दुकानात काउंटर सांभाळायची. ती माझ्या कानाशी म्हणाली, "दीदी, मतलब मास्तर आहे पण शिकवणार नाही? मग तो येतो कशाला?"

त्या दिवसापासून आम्ही तिघं एका बाकाची झालो. दादा, ही मुलगी आणि मी. जागा धरून ठेवणं, नोटिशीतली तारीख एकमेकांना कळवणं, डब्यातलं वाटून खाणं. पहिली दोन वर्षं आम्ही अशीच रेटली. रडतखडत, पण आपापलं लिहून.

शेवटच्या वर्षी माझं एक काम निघालं. माझी मुलगी अंबरनाथ पूर्वेच्याच एका दुसऱ्या शाळेत होती. स्नेहसंमेलनासाठी पोरांचे कपडे कोणी आणायचे, डबे कोणी, गाडीत कोण कुठे बसणार, हे सगळं मी लिहून मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात दिलं होतं. त्यांनी कागद वाचला, मग मला वाचलं.

"कार्यालयातल्या आमच्या बाई जूनमध्ये निवृत्त होतायत. संस्थेला पदवीधर हवी. पदवी आहे का तुमची?"

"यंदा होईल."

"होईल म्हणू नका. जुलै संपेपर्यंत मार्कलिस्ट आणा. तोवर मी कुणाला तरी बदलीवर बसवून ढकलते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

घरी येऊन मी कपाटाच्या दाराला आणखी एक ओळ लिहिली: मार्कलिस्ट, जुलै. त्यापुढे अर्थ लिहायची गरज नव्हती. खुर्ची, पंखा, पांढरा कागद आणि बोटांना निळा रंग नाही.

त्या वर्षी डिसेंबरपासून कारखान्यात मालाची घाई सुरू झाली. सेठ दारात उभा राहून ओरडायचा, "चलो चलो, माल आज निकलना मांगता!" माझ्या पुस्तकाकडे बघून म्हणायचा, "बाई, पढ़ाई कल भी होगी. पॅन्ट कल नहीं बिकेगी." माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावर दुकानदार बसलेले, आमच्या डोक्यावर तो.

स्वाध्याय जमा करायची तारीख जवळ आली. तीन विषय, प्रत्येकाचे लांबलचक प्रश्न, आणि नियम असा की स्वाध्यायाचे गुण नसतील तर परीक्षेचं हॉल तिकीट नाही. संपर्कसत्र सुटल्यावर आम्ही तिघं शाळेच्या पायऱ्यांवर बसलो. दादाच्या घरी आई आजारी. काउंटरवाल्या मुलीच्या दुकानात सीझन. माझं तर विचारूच नका.

"मना नाय वाटत, या टायमाला होल," दादा म्हणाला.

"होईल," मी म्हटलं. "आमच्याकडे पूर्ण पॅन्ट एकटा कुणी शिवतो का? एक जण खिसे लावतो, एक जण चेन, एक जण कंबर. म्हणून संध्याकाळपर्यंत ढीग लागतो. तीन विषय आहेत, आपण तिघं आहोत."

मुलगी लगेच उजळली. "सही आहे दीदी! मी इतिहास करते."

दादाने अर्थशास्त्र घेतलं. मराठी माझ्याकडे आलं. ज्याने त्याने आपला विषय तिघांसाठी तीन वेळा लिहायचा, आपापल्या अक्षरात. मग सगळा माल माझ्याकडे यायचा आणि मी तो चेक करायचा: पानं पूर्ण आहेत का, समास सोडलाय का, नोंदणी क्रमांक आहे का. आमच्या भागात कुणालाही सांगा, यात कुणाला काही वावगं दिसणार नाही. अख्खं उल्हासनगर असंच चालतं. खिसेवाल्याला कुणी विचारत नाही की बाबा, ही पॅन्ट तू शिवलीस का. मला आजही त्यात लबाडी दिसत नाही. ते आम्हाला येणारं काम होतं आणि आम्ही ते व्यवस्थित केलं.

स्वाध्याय वेळेवर जमा झाले. मी यादीतली ओळ खोडली आणि बऱ्याच दिवसांनी रविवारी दुपारी झोपले.

पुढच्या संपर्कसत्राला सरांनी आम्हा तिघांना थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाला. टेबलावर आमचे गठ्ठे होते. सरांनी प्रत्येकाचं पहिलं पान उघडलं. तिन्ही पानांच्या कोपऱ्यावर निळे ठसे होते. माझ्या अंगठ्याचे. एकेक पान उलटून बघितलं होतं ना मी.

"हे तिन्ही एका हातातून गेलेत," सर म्हणाले. "पण ते सोडा. तुमच्या इतिहासाचं अक्षर वेगळं आहे, मराठीचं वेगळं. एकाच माणसाची तीन अक्षरं कशी?"

कुणी काही लपवलं नाही. मीच सांगितलं: खिसा, चेन, कंबर. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते ओरडायलाही थकले होते.

"अर्थशास्त्राच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय लिहिलंय तुम्ही?" त्यांनी मला विचारलं.

मला प्रश्नच आठवेना. दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "श्रमविभागणीचे फायदे-तोटे."

"त्यांना विचारतोय."

मी माझा गठ्ठा उघडायला गेले, तर सरांनी त्यावर हात ठेवला.

"इतिहास तुम्हाला विचारू?" त्यांनी दादाला विचारलं. दादा खाली बघायला लागला. "स्वाध्याय म्हणजे जमा करायचा कागद नव्हे हो. कागद मला काय करायचेत? माझ्या घरी ठेवायला जागा नाही. तुम्ही बसून वाचलंत, तुमच्या डोक्यात काहीतरी झालं, एवढ्यासाठी ते लिहून घेतात. शिकवायला मी नाही. मग शिकवतं कोण? हे शिकवतं." आणि त्यांनी गठ्ठ्यावर बोट आपटलं.

"मग आता?" मुलीने विचारलं.

"गुण पाठवायला अजून थोडे दिवस आहेत. पुढच्या संपर्कसत्राला पुन्हा आणा. तिन्ही विषय, ज्याचे त्याने. नाही आणले तर मला शून्य लिहावं लागेल."

सगळा माल ऑल्टरला आला होता. आणि या वेळी परत द्यायला कारागीर नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर दादा म्हणाला, "बाई, माजा आता जमाचा नाय. आय तिकडं खाटल्यावं. यंदाचा सोडतंय मी."

"सोडू नका. आपण बसू."

"कवा बसाचा? सांग ना. तुजे यादीन जागा हाय का?"

नव्हती. मलाच नव्हती. दादा माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त पिशवी उचलून बदलापूरच्या बाजूला निघून गेला.

मुलगी म्हणाली, "मी करते दीदी. घरी शादीची बात चालली आहे. पुढच्या साली मेरेको कोण पाठवणार?"

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. सकाळी पाणी यायच्या आधी एक प्रश्न. जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या गाठोड्यावर बसून एक प्रश्न. सासूबाईंनी न सांगता भाकऱ्या करायला घेतल्या. अर्थात बोलत बोलतच: "आमच्या वेळी परीक्षा नव्हत्या, म्हणून आम्ही पास झालो." त्या बोलण्याला उत्तर द्यायचं त्राण नव्हतं, म्हणून आमचं भांडण झालं नाही.

अर्थशास्त्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. श्रमविभागणीचा धडा वाचला. वेग वाढतो, कौशल्य वाढतं, यंत्रं वापरता येतात. तोट्यांत कंटाळा, परावलंबन. दादाने हेच लिहिलं होतं, पुस्तकातून जसंच्या तसं, आणि मी ते समास बघून पास केलं होतं. कारखान्यात टेबलावरच लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. समोर मशीनवर आमचे खिसेवाले चाचा बसले होते. गावाकडून तरुणपणी आलेले, केस पांढरे झाले तरी खिसेच लावत. मी सहज विचारलं, "चाचा, पूरी पॅन्ट सिलना आता है?"

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "आता था."

"अब?"

"अब पॉकेट आता है. ईद पे लड़के का पजामा भी बाहर से लाता हूँ."

बाजूचा चेनवाला हसला. "अरे चाचा, पजामे में पॉकेट तो लगा देते!" चाचाही हसले. मी नाही हसले. मी तेच लिहिलं. कारखान्यातलं टेबल, खिसा, चेन, कंबर, आणि एक माणूस ज्याला पूर्वी पूर्ण कपडा शिवता येत होता. त्याखाली हेही लिहिलं की आम्ही स्वाध्यायही असेच केले होते आणि मला त्यामुळे हा धडाच माहीत नव्हता. पानावर निळा ठसा उठला, तो उठू दिला.

ठरल्या रविवारी त्या सिंधी मुलीचा आणि माझा, असे दोनच गठ्ठे टेबलावर होते. सरांनी तिसऱ्याची थोडी वाट बघितली. मग माझं पान वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मला उगाच वाटलं, काहीतरी म्हणतील. त्यांनी समासात लिहिलं: "उदाहरण चांगले. मुद्दे अपुरे." गुण बेताचेच दिले. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "एवढं लिहून मुद्दे अपुरे? हा सर सेठपेक्षा कडक आहे." मला मात्र ते पटलं. पुस्तकातले निम्मे मुद्दे मी खरंच लिहिले नव्हते.

हॉल तिकीट आलं. मे महिन्यात परीक्षा झाली. पत्र्याखाली दिवस काढलेल्या माणसाला वर्गातला उकाडा काही वाटत नाही, एवढा फायदा झाला. जून गेला. शाळेत बदलीवर कुणीतरी बाई बसली होती. माझ्या मुलीला तिच्या शाळेत सोडायला जाताना खिडकीतून ती बाई दिसायची; पंखा लावून, पांढऱ्या कागदावर लिहीत. जुलै अर्धा झाल्यावर निकाल लागला. मार्कलिस्ट हातात आली तशी पिशवीत घातली आणि पावसातच मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्यांनी कागद उलटसुलट बघितला. "द्वितीय श्रेणी. ठीक. एक तारखेला या. आणि हाताला काय लागलंय, शाई?"

"रंग आहे. जाईल हळूहळू."

जायला दिवाळी आली.

आनंद झाला का, असं लोक विचारतात. झाला असणार. मला आठवतं ते एवढंच की पहिले काही दिवस मी दुपारी खुर्चीतच पेंगायचे, आणि शिपाईमामा खिडकीशी उभं राहून लोकांना सांगायचे, "बाई हिशोबात आहेत, पाच मिनिटांनी या." आमच्या बाकावरच्या त्या मुलीचं त्याच वर्षी लग्न झालं. पदवीचा कागद तिने सासरी जाताना पेटीत सगळ्यात वर ठेवला, असं तिच्या आईने मला बाजारात सांगितलं.

कपाटाच्या दाराची यादी मी काढली नाही. तिचा उपयोग पुढेही झाला. शाळेतल्या सेविका, पालक, कुणाकुणाला बाहेरून शिकायचं असलं की खिडकीशी येऊन विचारत. मी त्यांना शब्द सांगत असे. स्वाध्यायापाशी आले की जरा थांबून सांगत असे.

काही वर्षांनी एक दिवस खिडकीशी दादा उभा. केस गेलेले, आवाज तोच. त्याचा मुलगा बदलापूर सोडून आमच्या शाळेत आला होता, हे मला वर्षभर कागदावरून कळलं नव्हतं. आता त्याला दाखला हवा होता.

"बाई, बरी खुर्ची गावली," दादा म्हणाला. टोमणा नव्हता तो. आई कधीच गेली होती. कंपनीत तो अजून हेल्परच होता.

मी दाखला लिहून मुख्याध्यापिकाबाईंची सही घेऊन आणला. त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि तिथेच उभा राहिला. मागे रांग होती.

"त्ये आपलं श्रेयांक," तो म्हणाला. "पयल्या दोन वर्षांचं. गेलं असतील आता."

"नाही गेले. पास झालेला माल परत येत नाही, दादा."

"मंग ऱ्हावू दे तिथंच."

"पण नोंदणीला मुदत असते. तुमची पुढच्या वर्षी संपते. पदवीचं एकच वर्ष राहिलंय तुमचं."

त्याने मनात काहीतरी जुळवलं. "तीन विषय."

"तीन."

"वाटून?" आणि तो एवढा मोठ्याने हसला की रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

"एकट्याने," मी म्हटलं.

"बघू," तो म्हणाला आणि गेला.

त्याच्या मागची बाई फी माफीचं विचारत होती, तिला उत्तर दिलं. खिडकी बंद केल्यावर त्या दिवसाच्या यादीत लिहिलं: दादांसाठी प्रवेश अर्ज, रविवारी, केंद्रावरून. मग ते खोडलं. ज्याचं त्याने करायचं, हे त्या वर्षी मी चांगलंच शिकले होते. डबा खाल्ला, टेबलावर डोकं ठेवून थोडी पडले. झोप काही लागली नाही. उठून तीच ओळ खाली पुन्हा लिहिली. अर्ज आणून देणं म्हणजे लिहून देणं नव्हे.